दूरचित्रवाणी-संगीताचे अभिलेख

दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांत सादर झालेल्या गायन-वादनाची जी मुद्रणे चित्रफितींवर वा चित्रपटफितींवर शिल्लक राहिली, त्यांना दूरचित्रवाणी-संगीताचे अभिलेख म्हणता येईल. त्यांचे जतन आणि विस्मृतीत गेलेल्या मुद्रणांचा पुनःशोध हे या विषयाचे दोन मुख्य भाग होत. ग्रामोफोनची ध्वनिमुद्रिका विक्रीसाठी निघत असल्याने तिच्या शेकडो प्रती घरोघरी पोहोचत. एका घरातील प्रत फुटली, तरी दुसऱ्या घरातील प्रत उरे. दूरचित्रवाणीवर झालेल्या मैफलीची प्रत मात्र बहुधा एकच असे, आणि तीही पुसून पुन्हा वापरता येण्याजोग्या फितीवर. या एका फरकामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संगीताचा दृश्य इतिहास अनेक ठिकाणी खंडित झालेला आहे. महाराष्ट्रात या विषयाचा मुख्य संबंध मुंबई दूरदर्शन केंद्राशी येतो. त्या केंद्राच्या आरंभकाळी त्याच्या नियमित क्षेपणकक्षेबाहेर राहिलेल्या राहुरीसारख्या (अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) भागांच्या दृष्टीने त्याला आणखी एक बाजू आहे. तेथील श्रोत्यांसाठी या मुद्रणांचा पुनःशोध म्हणजे पुष्कळदा प्रथमदर्शनच होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक क्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे सुरू झाले व १९६५ पासून तेथे दैनंदिन सेवा चालू झाली. दिल्लीतील आरंभीच्या निर्मात्यांत पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांचा समावेश होता. मुंबई केंद्राचे उद्‌घाटन २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाले आणि मराठी भाषकांसाठी दूरचित्रवाणीचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. पुढे सिंहगडावरील प्रेषकामुळे पुणे परिसरात मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून अलग होऊन ‘दूरदर्शन’ ही स्वतंत्र यंत्रणा झाली. तिची बोधधून पंडित रविशंकर (१९२०–२०१२) यांच्या नावाशी निगडित आहे. १९८२ मध्ये रंगीत क्षेपण सुरू होईपर्यंतचा दशकभराचा काळ मुंबई केंद्राच्या दृष्टीने कृष्णधवल चित्रणाचा होता. पुनःशोधाच्या दृष्टीने सर्वांत दुर्मिळ ठरलेली मुद्रणे प्रामुख्याने याच काळातील आहेत.

या काळात संगीताला दूरचित्रवाणीवर दोन प्रकारे स्थान मिळाले. ‘छायागीत’सारख्या कार्यक्रमात चित्रपटांतील गीतदृश्ये दाखविली जात. मूळ चित्रपट अन्यत्र जतन झालेले असल्यास अशा कार्यक्रमाची फीत नष्ट झाली, तरी त्यातील संगीत नष्ट होत नाही. दुसरा प्रकार खास स्टुडिओत सादर होणाऱ्या गायन-वादनाचा. ‘शब्दांच्या पलीकडले’ हा मराठी गीतांना वाहिलेला कार्यक्रम व ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ हा कलावंतांच्या मुलाखतींचा कार्यक्रम यांमुळे गायक, कवी व संगीतकार आपल्या कलेविषयी बोलताना व ती सादर करताना प्रेक्षकांना दिसले. या दुसऱ्या प्रकारातील संगीत त्या दिवसापुरते, त्या साथीदारांसह व त्या स्टुडिओत घडलेले असे. त्याला दुसरा आधार नव्हता.

दृश्य अभिलेखाचे महत्त्व : अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) किंवा बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या गायनाचा अभ्यास आज मुख्यतः ध्वनिमुद्रिकांवरून करावा लागतो. मुंबई केंद्र सुरू होण्यापूर्वी पाच वर्षे बालगंधर्वांचे निधन झाले होते. ध्वनिमुद्रिकेत स्वर राहतो, परंतु गायकाने तबलजीला डोळ्यांनी केलेली खूण, समेपूर्वी हाताने दाखविलेली तानेची दिशा, तंबोरा छेडणाऱ्या शिष्याने धरलेला स्वर आणि हार्मोनियमवादकाने सोडलेली जागा या गोष्टी राहत नाहीत. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांची मर्यादा असल्याने रागविस्ताराचा क्रमही तीत आटोपशीर होतो. वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३), कुमार गंधर्व (१९२४–१९९२), भीमसेन जोशी (१९२२–२०११) व किशोरी आमोणकर (१९३१–२०१७) ही दूरचित्रवाणीच्या काळात गायलेली पिढी होय. त्यामुळे त्यांच्या गायनाची दृश्य अंगे पुढील अभ्यासकांना उपलब्ध असणे शक्य झाले.

लोकसंगीताच्या बाबतीत दृश्य अभिलेखाचे महत्त्व अधिकच आहे. बैठकीच्या लावणीत गीताचा अर्थ निम्मा अदाकारीतून प्रकट होतो. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांच्यासारख्या कलावतींच्या केवळ ध्वनिमुद्रणावरून त्या कलेचे पूर्ण ज्ञान होऊ शकत नाही. ढोलकीवरील बोटांची ठेवण, संबळाच्या दोन तोंडांवरील काठ्यांची हालचाल, गोंधळ्यांचा पदन्यास व कीर्तनकाराचे पूर्वरंगातून उत्तररंगात जाणे हे सर्व पाहूनच शिकावयाचे असते.

ऱ्हासाची कारणे : आरंभीचे अनेक कार्यक्रम थेट क्षेपित होत. त्यांचे मुद्रण झालेच नाही, म्हणून त्यांचा शोध लागण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. ज्यांचे मुद्रण झाले, त्यांतीलही पुष्कळसे टिकले नाही. १९५६ मध्ये अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंदीच्या फितीवर चित्रमुद्रण करणारे यंत्र प्रथम बाजारात आणले. ही फीत महाग होती व भारतासारख्या देशाला ती परकीय चलन खर्चून आयात करावी लागे. फीत चुंबकीय असल्याने तिच्यावरील जुने चित्रण पुसून नवे करता येत असे. मुद्रणाकडे क्षेपणाचे साधन म्हणून पाहिले जात असल्याने क्षेपण झाल्यावर फीत मोकळी करणे हा काटकसरीचा भाग होता. येथे कार्यक्रमाच्या कलात्मक मूल्याचा प्रश्न नव्हता. कपाटात कोरी फीत शिल्लक आहे की नाही, एवढाच प्रश्न होता.

शिल्लक राहिलेल्या फितींनाही काळाने ग्रासले. फितीच्या पृष्ठावरील चुंबकीय कण ज्या बंधकद्रव्याने चिकटविलेले असतात, ते हवेतील आर्द्रतेमुळे विघटित होऊन चिकट होते. अशी फीत यंत्रात चालविल्यास तिचा लेप मुद्रणशीर्षाला चिकटून निघून येतो. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या दमट हवेत बुरशीचा धोकाही मोठा असतो. याशिवाय यंत्रे कालबाह्य होण्याची अडचण आहे. दोन इंची फितीनंतर १९७१ मध्ये पाऊण इंची यू-मॅटिक व १९८२ मध्ये अर्ध्या इंचाची बीटाकॅम पद्धती आली. प्रत्येक पद्धतीसाठी निराळे यंत्र लागते. जुन्या यंत्राचे सुटे भाग व ते दुरुस्त करणारे तंत्रज्ञ दुर्मिळ झाले, म्हणजे सुस्थितीतील फीतही मुकी होते.

चित्रपटफितीवरील चित्रण पुसून त्यावर नवे चित्रण करता येत नाही, म्हणून त्याचे भवितव्य तुलनेने बरे राहिले. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनसाठी एस्. एन्. एस्. शास्त्री यांनी १९७० मध्ये अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्यावर केलेला अनुबोधपट आजही पाहावयास मिळतो. वारंवार क्षेपण हेही टिकण्याचे एक कारण ठरले. १५ ऑगस्ट १९८८ रोजी प्रथम क्षेपित झालेले ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे गीत इतक्या वेळा दाखविले गेले, की ते विस्मृतीत जाण्याचा प्रसंगच आला नाही. जे एकदाच दाखविले गेले, ते सर्वांत आधी हरवले.

परदेशांतील अनुभव : फिती पुसण्याची प्रथा भारतापुरती मर्यादित नव्हती. ब्रिटनमधील बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा लोकप्रिय संगीताचा साप्ताहिक कार्यक्रम १ जानेवारी १९६४ रोजी सुरू झाला. त्याच्या पहिल्या बारा वर्षांतील बहुतेक भाग आज अस्तित्वात नाहीत. डेव्हिड बोवी (१९४७–२०१६) या गायकाने जानेवारी १९७३ मध्ये या कार्यक्रमात सादर केलेले ‘द जीन जीनी’ हे गीत कायमचे हरवले, असे मानले जात होते. तथापि त्या चित्रणात भाग घेतलेल्या जॉन हेन्शॉल या कॅमेरामनने स्वतःसाठी एक प्रत काढून ठेवली होती. ती २०११ मध्ये प्रकाशात आली. २०१९ मध्ये बीटल्स या वाद्यवृंदाच्या १९६६ मधील याच कार्यक्रमातील सादरीकरणाचा केवळ काही सेकंदांचा तुकडा सापडला. तो एका प्रेक्षकाने घरच्या दूरचित्रवाणी-संचाच्या पडद्यावरून चित्रित केलेला होता. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९३ पासून हरवलेल्या कार्यक्रमांच्या शोधाची मोहीम चालविली आहे. या उदाहरणांवरून असे दिसते, की संस्थेने टाकून दिलेली वस्तू पुष्कळदा व्यक्तीच्या घरी टिकून राहते.

महाराष्ट्रातील पुनःशोध : महाराष्ट्रातही शोधाचे मार्ग दोन आहेत. पहिला मार्ग संस्थेच्या कपाटांचा. दूरदर्शनने आपल्या जुन्या संग्रहाचे अंकीय रूपांतर हाती घेतले व त्यांतील निवडक मैफली तबकड्यांच्या रूपाने प्रकाशित केल्या. पुढे प्रसार भारतीच्या संग्रहातील व सह्याद्री वाहिनीकडील जुने कार्यक्रम यूट्यूबवर पाहावयास मिळू लागले. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात जुन्या मालिकांना लाभलेला प्रतिसाद पाहून १३ एप्रिल २०२० रोजी ‘डीडी रेट्रो’ ही वाहिनी सुरू करण्यात आली, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने ‘वेव्हज’ या मंचाद्वारे जुने-नवे कार्यक्रम महाजालावर खुले केले. अशा चित्रणांखाली प्रेक्षक स्वतःच्या आठवणी नोंदवितात. त्यांतून क्वचित एखाद्या अनाम तबलावादकाचे नाव वा चित्रणाचे वर्ष उजेडात येते.

दुसरा मार्ग खाजगी संग्रहांचा. १९८२ नंतर मध्यमवर्गीय घरांत व्हीसीआर यंत्रे येऊ लागली व रसिकांनी आवडीच्या मैफली व्हीएचएस फितींवर उतरवून घेतल्या. अशा फितींवरील चित्र अस्पष्ट असते, आरंभ व शेवट तुटलेले असतात, मध्येच दुसरा कार्यक्रम मुद्रित झालेला आढळतो. तरीही मूळ फीत पुसली गेली असेल, तर हीच प्रत मूळ ठरते. कलावंतांच्या कुटुंबीयांकडील, निर्मात्यांकडील व संगीत मंडळांकडील फितींना या दृष्टीने ऐतिहासिक साधनांचा दर्जा आहे. मात्र त्या माळ्यावरील पेटीत उष्णता व धूळ यांत पडून असतात, आणि घर बदलताना निरुपयोगी म्हणून टाकल्या जाण्याची भीती असते.

सापडलेल्या फितीवर काम करण्याची पद्धती ठरलेली आहे. प्रथम फीत न चालविता तिची तपासणी करतात. बुरशी कोरड्या पद्धतीने काढतात. बंधकद्रव्य चिकट झाले असल्यास फीत सुमारे ५०° से. तपमानात काही तास ते काही दिवस ठेवून तात्पुरती चालविण्यायोग्य करतात. त्यानंतर योग्य यंत्रावर ती एकदाच, पूर्ण व अखंड चालवून तिचे अंकीय रूपांतर करतात. चित्राचे थरथरणे कालदोष सुधारणाऱ्या उपकरणाने कमी करता येते. मूळ रूपांतर जसेच्या तसे एका प्रतीत ठेवून, सुधारणा दुसऱ्या प्रतीत करणे हा सर्वमान्य दंडक आहे. कारण आजच्या सुधारणेत उद्याच्या अभ्यासकाला हवा असलेला तपशील पुसला जाण्याचा संभव असतो.

नोंदींचे स्थान : अभिलेखागारात वस्तू असणे आणि ती सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. फितीच्या वेष्टनावर केवळ ‘शास्त्रीय गायन’ किंवा ‘लोकसंगीत’ एवढीच अक्षरे असतील, तर ती फीत असूनही नसल्यासारखी होते. गायकाचे, साथीदारांचे, राग-तालाचे, कवीचे व निर्मात्याचे नाव आणि चित्रणाची तारीख एवढ्या नोंदी आवश्यक मानल्या जातात. व्यवहारात मुख्य कलावंताचे नाव टिकते व साथीदार अनाम राहतात. लोककलांच्या चित्रणात तर संपूर्ण पथकच ‘एक लोकनृत्य’ या नोंदीत लुप्त होऊ शकते. फितीवरील चित्र वाचले आणि माणसांची नावे गेली, तर तो अभिलेख निम्माच वाचला असे म्हणावे लागते. नावे सांगू शकणारी पिढी वयोवृद्ध झालेली असल्याने हे काम फितींच्या रूपांतराइतकेच तातडीचे आहे.

राहुरी परिसर : मुळा नदीच्या खोऱ्यातील राहुरी हे तालुक्याचे ठिकाण मुंबईपासून सह्याद्रीपलीकडे आणि पुण्यापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने १९७० नंतरच्या दशकात मुंबई वा सिंहगड येथील क्षेपणाचे नियमित ग्रहण येथे शक्य नव्हते. १९८४ च्या सुमारास देशभर लहान शक्तीचे प्रेषक मोठ्या संख्येने उभारण्यात आल्यावर जिल्ह्याजिल्ह्यांतील चित्र पालटू लागले. परंतु तोपर्यंत मुंबई केंद्राचे कृष्णधवल दशक उलटून गेले होते. त्या दशकातील मैफली मुंबई-पुण्याच्या रसिकाला आठवतात. राहुरीच्या रसिकाला त्यांची आठवण असण्याचे कारण नाही. म्हणून जुन्या मुद्रणांचे महाजालावरील प्रकाशन ही अशा भागांच्या दृष्टीने सांस्कृतिक वाट्याची उशिरा झालेली पूर्तता होय.

उलट दिशेनेही हा प्रश्न विचारात घ्यावा लागतो. या जिल्ह्याचे संगीत दूरचित्रवाणीच्या संग्रहात किती आले? अहिल्यानगर जिल्हा तमाशाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या लावण्या रंगभूमीवर गाजविणारी पवळा ही संगमनेर तालुक्यातील हिवरगावची होती. कांताबाई सातारकर (१९३९–२०२१) यांच्या तमाशा फडाचे वास्तव्यही संगमनेर येथेच होते. रेव्ह. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) काही काळ राहुरी येथे राहिले होते. त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तनाची देशी परंपरा रुजविली. अशा परंपरांचे चित्रण केवळ ‘संगीत’ या विभागात शोधून भागणार नाही. राहुरी येथे १९६८ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि मुंबई केंद्राचा ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतीविषयक कार्यक्रम ग्रामीण प्रेक्षकांत विशेष लोकप्रिय होता. शेती, ग्रामविकास, यात्रा वा वृत्तचित्र या शीर्षकांखाली नोंदलेल्या फितींतही एखादी ओवी, भारूड वा ढोलकीची फेरी असू शकते. संग्रहाची सूची विषयवार न पाहता फीत आरंभापासून शेवटपर्यंत पाहणे, हाच अशा शोधाचा खात्रीचा मार्ग होय.

विखुरलेली सामग्री गोळा करून ती नावानिशी पुढील पिढीच्या हाती देण्याची परंपरा या तालुक्याला नवी नाही. राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे महिपती (१७१५–१७९०) यांनी *भक्तविजय* (१७६२) व *भक्तलीलामृत* (१७७४) या ग्रंथांतून संतांची चरित्रे ओवीबद्ध केली. आपल्या आधी हे कार्य केलेल्या नाभाजी व उद्धवचिद्‌घन यांचे ऋण त्यांनी मान्य केले. कोणती हकीकत कोणाकडून आली, हे सांगून ठेवण्याची त्यांची दक्षता आजच्या अभिलेखकालाही मार्गदर्शक ठरावी अशी आहे.

कायदेशीर बाजू : सापडलेले मुद्रण प्रकाशित करता येईलच असे नाही. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ अन्वये गीताचे कवी, संगीतकार, कलावंत व प्रक्षेपण करणारी संस्था यांचे हक्क वेगवेगळे असतात. प्रक्षेपणसंस्थेच्या पुनरुत्पादन हक्काची मुदत २५ वर्षे आहे. सादरकर्त्या कलावंताच्या हक्काला १९९४ च्या सुधारणेने स्थान मिळाले व १९९९ मध्ये त्याची मुदत ५० वर्षे करण्यात आली. खाजगी संग्राहक आपल्याकडील फीत पुढे आणण्यास कचरतात, याचे एक कारण कायद्याविषयीची ही साशंकता होय. जतनासाठी प्रत स्वीकारणे आणि ती प्रकाशित करणे या दोन कृती स्वतंत्र मानल्यास ही अडचण पुष्कळशी दूर होऊ शकते.

संबंधित संस्था : दृक्‌श्राव्य जतनाच्या क्षेत्रात नवी दिल्ली येथील संगीत नाटक अकादमी (१९५३), पुणे येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (१९६४) व मुंबई येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र (१९६९) या संस्थांचे कार्य उल्लेखनीय आहे. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांच्यासारख्या संगीतज्ञांनी ध्वनिमुद्रणांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी मराठी अभ्यासकांना दिली. जात्यावरील ओव्यांच्या संकलनात गी पॉइटव्हँ व हेमा राईरकर यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या व गाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गाव यांसह त्या नोंदविल्या. दूरचित्रवाणीच्या फितींना अशा नोंदींची जोड लाभल्यास त्यांवरील संगीत पुन्हा ऐकता येईल. एवढेच नव्हे, तर ते कोणाचे होते हेही सांगता येईल.